प्रार्थना समाज: गिरगावच्या नाक्यामागचे गैरसमज

८ डिसेंबर २०२४ रोजी दमास्कसमधली असद घराण्याची सत्ता कोसळली, तेव्हा मुंबईतही सीरियावर गप्पा रंगल्या. त्यांत एक मत हमखास ऐकू यायचे: त्या लोकांत उदारमत रुजायचे नाही, रुजलेच तर बाहेरून आणून लावावे लागेल. असे बोलणाऱ्यांतले कितीतरी जण रोज गिरगावातून ये-जा करतात. धर्म न सोडता धर्म सुधारू पाहणाऱ्यांनी तिथे दीडशे वर्षांपूर्वी काय आरंभले, कुठे कच खाल्ली आणि त्यातून पुढे काय निघाले, हा इतिहास त्यांच्या वाटेवरच आहे. फक्त त्याच्याविषयी ऐकीव माहिती फार आणि खरी थोडी. तेव्हा सीरियाला सल्ला देण्याआधी जरा घरचे पाहू.

गैरसमज: प्रार्थना समाज म्हणजे गिरगावातला एक बसस्टॉप

हा गैरसमज निरुपद्रवी आहे. बेस्टच्या कंडक्टरांनी आणि हरकिसनदास रुग्णालयाचा पत्ता सांगणाऱ्यांनी हे नाव जिवंत ठेवले, हे त्यांचे उपकारच. वस्तुस्थिती एवढीच की ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या स्नेह्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे हे नाव आहे. एकच निराकार ईश्वर, मूर्तीऐवजी सामुदायिक उपासना आणि मधला पुरोहित नाही, हा तिचा गाभा. जातिभेद मोडणे, विधवाविवाह, स्त्रीशिक्षण आणि बालविवाहाला विरोध ही तिची सामाजिक बाजू. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर येऊन मिळाले आणि समाजाला वजन आले.

गैरसमज: ही बंगालच्या ब्राह्मो समाजाची नक्कल, किंवा चर्चची देशी आवृत्ती

या आरोपाला आधारच नाही असे म्हणता येणार नाही. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईत येऊन गेले आणि त्यांच्या व्याख्यानांनी इथली इंग्रजी शिकलेली तरुण मंडळी भारावली. रविवारची उपासना, प्रवचन, प्रार्थना हा सगळा घाट पाहून सनातन्यांना मिशनऱ्यांची आठवण झाली तर तेही समजण्यासारखे आहे. पण केशवचंद्रांचे पाऊल मुंबईत पडण्यापूर्वी पंधरा वर्षे इथे काय चालले होते, ते पाहा.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. तिच्यामागे होते आत्मारामांचे थोरले बंधू दादोबा पांडुरंग. आपल्याला ते व्याकरणकार म्हणून माहीत आहेत. मराठी भाषेचे पाणिनी हे बिरुद त्यांचेच. हे तर्खडकर बंधू वैश्य कुटुंबातले, म्हणजे ‘सुधारक तेवढे ब्राह्मण’ हाही एक समज जाता जाता निकालात निघतो. सभा गुप्त होती. नव्या सभासदाने ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, मग तो आत. आज कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खाताना त्या काळच्या पावाचा धाक लक्षात येणे कठीण आहे. तो घास गिळला, की जात गेली. लग्नाला कोणी बोलवायचे नाही, मयताला खांदा द्यायचे नाही.

सभेला हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच सगळा मामला बंद दाराआड. सभासद वाढून ‘आता उघड व्हायला हरकत नाही’ अशी संख्या होईपर्यंत थांबायचे, असा बेत होता. ती वेळ आलीच नाही. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावे फुटली आणि सभा विरघळली. जी माणसे पाव खाण्याइतकी धीट होती, ती नाव छापून येण्याइतकी धीट नव्हती. मला विचाराल तर प्रार्थना समाजाचा पुढचा सगळा सावधपणा या एका वहीतून आला आहे. १८६७ मध्ये मंडळी पुन्हा जमली, तेव्हा प्रथम जातिभेदावरच हात घालायचा विचार होता. मग ठरले, आधी धर्म सुधारू, समाज आपोआप मागे येईल. जात किंवा घरातले देव सोडण्याची शपथ सभासदाला घालायची नाही, हेही ठरले.

नकलेच्या आरोपाला सर्वांत ठाम उत्तर तुकाराम देतो. बंगाली पाहुण्यांच्या आग्रहानंतरही मुंबईकरांनी ‘ब्राह्मो’ हे नाव घेतले नाही आणि वेगळा पंथ काढला नाही. त्यांनी आपली परंपरा वारकरी संतांशी जोडली. उपासनेत अभंग गायले जात आणि त्यांच्यावर प्रवचन होई. याच वर्षांत, १८६९ आणि १८७३ मध्ये, मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामाची गाथा दोन खंडांत छापून निघाली. सरकारने त्यासाठी चोवीस हजार रुपये दिले होते. संपादक विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित. यांतले विष्णुशास्त्री म्हणजे विधवाविवाहाच्या चळवळीचे तेव्हाचे अध्वर्यू. गाथा शोधणारा आणि विधवेचे लग्न लावणारा माणूस एकच, यात त्यांना स्वतःला काही विसंगत वाटले नाही. ते आपल्याला वाटते.

गैरसमज: हे सारे इंग्रजांच्या छत्राखालीच शक्य होते, अरबांच्या मुलखात असे काही घडले नाही

घडले, आणि जवळजवळ त्याच वर्षांत. १८६० मध्ये लेबनॉनच्या डोंगरात आणि दमास्कसमध्ये भीषण धार्मिक कत्तली झाल्या. त्यानंतर बुत्रुस अल-बुस्तानी यांनी सीरिया हा सर्व पंथांच्या लोकांचा देश आहे असे बजावणारी पत्रके काढली आणि १८६३ मध्ये बैरुतला सर्व धर्मांच्या मुलांसाठी ‘राष्ट्रीय शाळा’ उघडली. बैरुत तेव्हा ऑटोमन सीरियातच मोडत होते. दमास्कसमध्ये अबू खलील अल-कब्बानी संगीत नाटके करत होते. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्कर ‘सौभद्र’ बसवत होते, त्याच सुमाराची ही गोष्ट. दमास्कसच्या काही धर्ममार्तंडांनी या नाटकांविरुद्ध थेट सुलतान अब्दुल हमीदकडे तक्रार नेली, नाटकघर बंद पडले आणि कब्बानी १८८४ मध्ये इजिप्तला निघून गेले. प्रसिद्ध कवी निझार कब्बानी त्यांच्याच घराण्यातले. अलेप्पोच्या अब्दुर्रहमान अल-कवाकिबी यांनी जुलमी सत्तेच्या स्वभावावर पुस्तक लिहिले. त्यांनाही गाव सोडावे लागले आणि १९०२ मध्ये कैरोत ते वारले. रानडे त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते.

तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. आपल्या सुधारकांना देश सोडावा लागला नाही, नाटकमंडळ्यांना टाळे लागले नाही. तरीही विचार तिथल्याच मातीतला होता, तिथल्याच भाषेत मांडला गेला होता आणि त्याला अडवणारेही तिथलेच होते, एवढे तरी ‘बाहेरून लावावे लागेल’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

गैरसमज: सुधारणा पुरुषांनी केल्या, बायकांच्या वाट्याला फक्त उपकार आले

आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे आना तर्खड, इंग्लंडला जाऊन शिकून आली होती. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर विलायतेला जाण्यापूर्वी तर्खडकरांकडे राहिले, तेव्हा त्यांना इंग्रजी वळण लावायचे काम तिच्याकडे आले. त्यांनी तिला ‘नलिनी’ असे नाव दिले. लोकांना या प्रसंगातला हळवेपणा तेवढा आठवतो. मला त्यात दिसते ती परक्या तरुणाची शिकवणी घेणारी मराठी मुलगी, आणि तिला ते करू देणारे घर.

पण खरी ठिणगी पडली डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. ते आत्मारामांचे स्नेही; १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांत हिंदी दोघेच होते, हे आणि आत्माराम. सखाराम अर्जुनांची सावत्र मुलगी रखमाबाई प्रार्थना समाजाच्या साप्ताहिक बैठकींना आणि आर्य महिला समाजात नियमाने जात असे. अकराव्या वर्षी लागलेले लग्न तिने मानले नाही. नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करला, असे तिने सांगितले. लोकमान्य टिळकांसकट अनेकांनी तिच्याविरुद्ध लेखण्या झिजवल्या. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती पुढच्या वर्षी इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परतली आणि पुढली कितीतरी वर्षे तिने सुरतेत रुग्णसेवा केली. समाजाच्या बैठकींत ऐकलेल्या गोष्टी खरेच अमलात आणल्या तर काय होते, हे समाजातल्या भल्याभल्यांआधी या मुलीने करून पाहिले. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यामागे तिच्या खटल्याने उठलेला गदारोळ होता.

गैरसमज: रानडे आणि मंडळी ढोंगी होती

पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये रानड्यांनी विधवेशी लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या दबावापुढे वाकून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाबद्दल त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. (टिळकांनीही घेतले, हे बहुधा सांगायचे राहून जाते.) ढोंगी म्हणायला हवे तेवढे साहित्य इथे आहे. पण त्याच अकरा वर्षांच्या मुलीला त्यांनी घरच्या बायकांचा रोष ओढवून शिकवले, आणि ती रमाबाई रानडे झाली. पुण्याचे सेवासदन तिच्या हातून उभे राहिले. भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचे लग्न १८९१ मध्ये लावले आणि त्याची किंमत निमूटपणे मोजली. ढोंग आणि भीती या दोन गोष्टी आहेत. या माणसांत दुसरी भरपूर होती.

गैरसमज: गिरगावातली ही दिवाणखान्यातली सुधारणा गिरणगावापर्यंत पोचलीच नाही

हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वांत आधी घेणाऱ्यांत जोतीराव फुले होते. शेतकरी आणि शूद्रातिशूद्र ज्यांच्या सभांत दिसत नाहीत, त्यांच्या एकीच्या गोष्टी पोकळ आहेत, ही त्यांची तक्रार रास्त होती. समाजाने कामकऱ्यांसाठी रात्रीच्या शाळा चालवल्या. तरीही वकील, डॉक्टर, प्राध्यापक हीच त्याची वस्ती राहिली.

चित्र बदलले ते विठ्ठल रामजी शिंदे यांच्यामुळे. जमखंडीचे मराठा कुटुंबातले शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून १९०३ मध्ये परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून गिरगावात राहू लागले. अस्पृश्य वस्त्या पाहिल्यावर रविवारच्या प्रवचनात त्यांचे मन रमणे कठीणच होते. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी परळला डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. अध्यक्षपदी समाजाचे धुरीण सर नारायण चंदावरकर आले. शिंद्यांची बहीण जनाबाई मिशनच्या कामात उतरली.

परळच का, याचे उत्तर गिरण्यांत आहे. कोकणातून आणि देशावरून आलेले महार कामगार गिरणीत होते, पण चांगला पगार देणाऱ्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात, त्यांना थारा नव्हता. कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यांच्या तोंडचे सूत सवर्ण कामगारांना चालत नसे. गिरणी वाफेवर चालत होती, सूत बाजारभावाने विकले जात होते आणि विटाळ मात्र गावातून आला तसाच साच्यापाशी बसला होता. पाव खाऊन जात मोडायला निघालेल्यांना उष्ट्याचा हा पेच चांगलाच ओळखीचा असायला हवा होता. तो गिरगावातून दिसत नव्हता. १९२८च्या गिरणीसंपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला.

शिंद्यांचे गिरगावातल्यांशी फार काळ जमले नाही. १९१० मध्ये ते समाजाच्या कामातून बाहेर पडले, आणि १९२३ मध्ये मिशनमधूनही बाजूला झाले, कारण तोवर ज्यांच्यासाठी मिशन होते त्यांनाच त्याचा कारभार हवा होता. त्यांचे मागणे चुकीचे नव्हते. शिंद्यांसारख्या माणसाच्या वाट्याला दोन्हीकडचा संशय यावा, हे मात्र मला आजही खटकते.

९ मार्च १९२४ रोजी परळच्याच दामोदर हॉलमध्ये आंबेडकरांनी बोलावलेली सभा भरली. हा हॉल सोशल सर्व्हिस लीगचा होता. १९११ मध्ये लीग स्थापन झाली तेव्हा तिचेही अध्यक्ष चंदावरकर होते. पुढे गिरणी कामगारांच्या नाटकांनी हा हॉल गाजवला. त्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मली. तिच्या अध्यक्षपदी चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखे उदारमतवादी वकील बसले. पण पाऊल कुठे टाकायचे हे ठरवणारे आंबेडकर तेव्हा जवळच्या पोयबावाडीतल्या बीआयटी चाळीत राहत होते.