रक्तदाब आणि आपले ताट

एखाद्याला रक्तदाब जडला असे कानी आले की आपण सहज म्हणून जातो, ‘जडणारच! स्वभाव किती तापट!’ आणि शांत प्रकृतीचा मनुष्य स्वतःस निर्धास्त समजतो. हा समज घातक आहे. रागाच्या भरात दाब चढतो हे खरे. पण राग ओसरला की बहुधा तोही उतरतो. कायम चढून बसणारा दाब मात्र शांत आणि रागीट असा भेद पाहत नाही. बहुतेकांना तो कसलीच वर्दीही देत नाही. डोके दुखत नाही म्हणून निश्चिंत राहणाऱ्यास पहिली वर्दी कधी कधी अर्धांगवायूच्या झटक्यानेच मिळते.

पूर्वी पुष्कळ डॉक्टरही वयाबरोबर दाब वाढायचाच असे मानीत. १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची प्रकृती वर्षानुवर्षे तपासण्याचे कार्य सुरू झाले, आणि वाढलेला दाब हृदयाला व मेंदूला किती जाचतो हे त्यातून स्पष्ट होत गेले.

वय आणि आईबापांकडून आलेला वारसा यांपुढे आपला इलाज नाही. सुटलेले पोट, बैठे जीवन, मद्य, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार हीही कारणे सर्वपरिचित आहेत. तंबाखूने दाब तेवढ्यापुरता चढतो, पण रक्तवाहिन्यांची हानी मागे राहते.

मला अधिक बोलावयाचे आहे ते मिठाविषयी. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसास दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाही न भरेल इतके मीठ पुरे. आपण मोजतो ते फक्त आमटीतले! लोणच्याची फोड, सांडगी मिरची, फरसाण, गोव्याकडचे खारे मासे यांचा हिशेब कोण ठेवतो? पापडात तर मिठाच्या जोडीला पापडखार असतो, आणि त्यातही सोडियमच. सैंधव वापरणाऱ्यांनीही फुशारकी मारू नये; तेही मुख्यतः मीठच होय. सोडियम कमी केलेल्या मिठात पोटॅशियम घातलेले असते. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. ताटाची डावी बाजू सुनी करा असे मी म्हणत नाही, पण रोज लोणचे आणि पापड दोन्ही कशाला?

निरनिराळ्या दिवशी मोजूनही आकडा १४० व ९० किंवा त्याहून अधिक भरला, तर उपचारास टाळाटाळ करू नये. गोळ्यांनी दाब उतरला म्हणजे रोग गेला, असे समजून पुष्कळजण त्या आपल्या मनाने बंद करतात. दाब उतरलेला असतो तो त्या गोळ्यांमुळेच. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, आणि मोजणी चालू असता बोलू नये.