लांब पल्ल्याची सायकल शर्यत : गाडीत बसणाऱ्या घरच्यांनी काय ओळखायचं?

रावेतच्या मुकाई चौकात पहाटे साडेपाचला उभं राहिलं की हेल्मेट घातलेली दहा-पंधरा माणसं सहज दिसतात. देहूरोड, तळेगाव करत लोणावळ्यापर्यंत जाऊन नऊपर्यंत परत येणारी ही मंडळी आठवड्यातले पाच दिवस चाकणच्या किंवा भोसरीच्या कंपनीत असतात. त्यांच्यातलेच एक गृहस्थ, वय ४६, मागच्या वर्षी पत्नीला घेऊन माझ्याकडे आले. पुण्याहून गोव्यापर्यंत होणाऱ्या 'डेक्कन क्लिफहँगर' या सुमारे ६४० किलोमीटरच्या शर्यतीत एकट्याने उतरायचं होतं. त्यांना हवं होतं फिटनेस सर्टिफिकेट. पत्नीचा प्रश्न वेगळा होता. "डॉक्टर, मागच्या गाडीत मी, माझा भाऊ आणि यांचा एक मित्र असणार आहोत. यांना थांबवायचं कधी, एवढंच सांगा. हे स्वतः थांबणार नाहीत."

इतक्या वर्षांत मला या विषयावर विचारलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न आहे. म्हणून हा लेख सायकलस्वारापेक्षा त्याच्या घरच्यांसाठी जास्त आहे.

ही शर्यत नेमकी असते कशी?

मॅरेथॉन काही तासांत संपते. अल्ट्रा सायकलिंगमध्ये घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. जेवण, झोप, पंक्चर, लघवी, सगळं त्याच वेळेत धरलं जातं. म्हणून सोबत गाडी लागते. त्यात पाणी, खाणं, सुटे टायर-ट्यूब, कपडे, औषधं आणि क्रू. रात्री हीच गाडी सायकलच्या मागे राहून उजेड आणि संरक्षण देते.

या प्रकारातली सर्वांत नावाजलेली शर्यत अमेरिकेतली 'रेस अक्रॉस अमेरिका', म्हणजे 'राम'. १९८२ साली चार सायकलस्वारांनी ती सुरू केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, आणि एकट्या स्वाराला साधारण १२ दिवसांची मुदत. महाराष्ट्राचं या शर्यतीशी जवळचं नातं आहे, आणि त्यातले बरेच जण डॉक्टर आहेत याची मला थोडी गंमत वाटते. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या आत संपवली. गोकुळनाथ यांचा आदल्या वर्षीचा प्रयत्न अपुरा राहिला होता. वाटेत थांबलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

स्वार स्वतःबद्दल नीट का सांगू शकत नाही?

'राम' पाच वेळा जिंकणारा स्लोव्हेनियाचा युरे रोबिच हा सैनिक होता. झोपेविना चार-पाच दिवस गेले की त्याला भास होत. कुणी घोड्यावरून पाठलाग करतंय असं वाटे, आणि रस्त्याकडेच्या टपालपेट्यांशी भांडायला तो सायकलवरून उतरे. म्हणून शर्यतीतले सगळे निर्णय त्याचा क्रू घेत असे, तो फक्त पायडल मारी. जगातल्या सर्वांत कणखर स्वाराने स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवला नव्हता, तिथे आपण का ठेवावा?

यामागचं कारण साधं आहे. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता रक्तात सुमारे ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं अभ्यासात दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे चारला उठून सकाळी सुरुवात केलेला माणूस रात्री अकरा-बाराला हायवेवर 'प्यायलेल्या' अवस्थेत असतो, आणि शर्यत अजून अर्धीही झालेली नसते.

यापुढची पायरी म्हणजे मायक्रोस्लीप. दोन-चार सेकंदांची झोप, कधी डोळे उघडे असतानाही. स्वाराला ती कळतच नाही. मागच्या गाडीतून मात्र दिसते: सायकल हळूच पांढऱ्या पट्टीकडे सरकते आणि झटक्यात परत येते, मान खाली जाते, पायडलची लय तुटते, प्रश्नाला उत्तर उशिरा येतं किंवा भलतंच येतं. असं एकदा दिसलं तरी थांबवा. 'पुढच्या ढाब्यावर बघू' असं म्हणू नका. सुरक्षित जागा पाहून एक कप कॉफी किंवा चहा द्या आणि लगेच २० मिनिटं झोपू द्या. कॅफीनला परिणाम दाखवायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठल्यावर दोन्हींचा फायदा मिळतो. सर्दीसाठी घेतलेली सेटिरिझिनसारखी गोळी किंवा खोकल्याचं औषध झोप वाढवतं. गाडीतल्या डब्यात ते असेल तर तुमच्या ताब्यात ठेवा.

आणि हाच नियम गाडी चालवणाऱ्यालाही लागू आहे. मेहुणे आदल्या दिवशी सेकंड शिफ्ट करून आलेत आणि रात्रभर ताशी २० किलोमीटर वेगाने गाडी हाकणार आहेत, हे मला स्वाराच्या हृदयापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. किमान दोन, शक्यतो तीन चालक हवेत. कुणीही सलग तीन-चार तासांपेक्षा जास्त चालवू नये, आणि ज्याची पाळी नाही त्याने मागच्या सीटवर खरोखर झोपावं. क्रूमधल्या कुणाला मधुमेह असेल तर त्याच्या जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा कागदावर लिहा. सगळं लक्ष सायकलवर असतं आणि गाडीतल्या काकांची शुगर उतरते, असं होतं.

पाणी कमी की पाणी जास्त?

पाणी कमी पडण्याची भीती सगळ्यांना असते. जास्त पाण्याची कुणालाच नसते. तासन्तास घाम जातोय आणि माणूस नुसतं साधं पाणी पितोय, तेही घामापेक्षा जास्त, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. सोडियमची नेहमीची पातळी लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असते. ती फार खाली गेली की मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचं सोडियम कमी सापडलं होतं, आणि ती तर काही तासांची शर्यत.

अडचण अशी की दोन्ही अवस्थांत डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. घरचे म्हणतात 'पाणी कमी पडलं', आणि आणखी पाजतात. फरक ओळखायला सोपं साधन आहे, बाथरूममधला वजनकाटा. तो गाडीत टाका. सुरुवातीला त्याच कपड्यांत वजन घ्या आणि दर चार-पाच तासांनी पुन्हा घ्या. लांब शर्यतीत एक-दोन किलो कमी होणं अपेक्षित आहे. वजन वाढलं असेल, बोटातली अंगठी घट्ट झाली असेल, पोट फुगलं असेल आणि उलट्या होत असतील तर पाणी बंद करा आणि रुग्णालय गाठा. तिथे गेल्यावर 'हा बारा तास सायकल चालवत होता, वजन वाढलंय, सोडियम तपासा' हे वाक्य आवर्जून सांगा. नाहीतर अशक्त दिसणाऱ्या माणसाला सलाइन लावण्याची घाई होते, आणि या अवस्थेत नेहमीचं सलाइन उपयोगाचं नसतं, कधी अपायकारकही ठरतं.

पाणी किती? तासाला साधारण अर्धा लिटर, ऊन आणि दमटपणा असेल तर त्याहून थोडं जास्त, आणि तहानेप्रमाणे. बाटल्यांपैकी निम्म्या तरी ओआरएसच्या किंवा मीठ-साखर असलेल्या पेयाच्या असाव्यात. खाण्यात तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं जायला हवीत. सराव असेल तर ९० पर्यंत. त्यासाठी महागड्या जेलच्या पाकिटांवरच अवलंबून राहायला नको. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, मऊ वरण-भात, लोणावळ्याची चिक्की, हे सगळं चालतं. गोड खाऊन खाऊन रात्री तोंडाची चव जाते, तेव्हा खारट काहीतरी हवंच. नवीन पदार्थ मात्र शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका.

आधीपासून गोळ्या चालू असतील तर

माझ्या या रुग्णाला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि एचबीएवनसी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अशा माणसाने शर्यतीत उतरूच नये असं नाही. पण दोन-तीन महिने आधी यावं. आठ दिवस आधी सर्टिफिकेट मागायला येणाऱ्यांना मी परत पाठवतो, आणि ते नाराज होतात. चाळिशीनंतर ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन इतकं तरी पाहावं. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल किंवा चढावर छातीत दडपण येत असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून ताण चाचणीचा निर्णय घ्यावा. सर्टिफिकेट म्हणजे हमीपत्र नव्हे. ते त्या दिवशीच्या तपासणीबद्दल बोलतं.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन यांमुळे लांब व्यायामात साखर घसरू शकते. 'फ्लोझिन' अशा शेवटाच्या नावांच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण उपाशीपोटी मोठे श्रम झाले तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचाही फेरविचार करावा लागतो. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांकडून लेखी वेळापत्रक घ्या.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मी जरा कडक बोलतो. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन सायकल चालवणं सर्रास चालतं. शरीरात पाणी कमी, स्नायूंची झीज चालू आणि वरून ही गोळी, म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी मार. क्रूच्या डब्यात ती ठेवूच नका.

आणखी एक आपल्या भागातलं. पावसाळा संपता संपता पिंपरी-चिंचवडमध्ये डेंग्यू आणि विषाणूजन्य तापाचे रुग्ण वाढतात, आणि शर्यतींचा हंगाम नेमका त्यानंतर सुरू होतो. तापातून उठलेल्या माणसाने 'सराव बुडाला' म्हणून लगेच मोठी राईड करू नये. काही तापांत हृदयाच्या स्नायूलाही सूज येते आणि तेव्हाचे श्रम जिवावर बेतू शकतात. अशा वेळी त्या वर्षीची शर्यत सोडलेली बरी.

थांबवायचं कधी?

त्या बाईंना मी कागद दिला आणि शर्यतीच्या आधी, शांत डोक्याने, दोघांनी त्यावर सही करावी असं सांगितलं. छातीत दुखणं, दडपण किंवा चक्कर येऊन पडणं. आजचा वार, आपण कुठे आहोत आणि मुलांची नावं यांतलं काहीही चुकणं. अंग भाजल्यासारखं तापून बोलणं असंबद्ध होणं. कोकसारखी काळपट लघवी. वजन वाढून उलट्या. एकाच रात्रीत दुसऱ्यांदा मायक्रोस्लीप. यातलं एकही दिसलं तर शर्यत संपली, चर्चा नाही. उष्माघाताची शंका असेल तर गाडीत घालून पळण्याआधी जागेवरच थंड पाणी ओता, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत लावा आणि वारा घाला. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा तिन्हीकडे चालतो.

बाकीच्या तक्रारी त्रासदायक असतात, पण घाबरण्यासारख्या नसतात. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होणं हँडलच्या दाबामुळे होतं, काही आठवड्यांत बहुधा जातं. सीटवरचा दाब कमी करायला दर दहा-पंधरा मिनिटांनी उभं राहून पायडल मारावं. जांघेत घासून होणाऱ्या फोडांसाठी पेट्रोलियम जेली आणि कोरडी, स्वच्छ शॉर्ट्स. मधुमेह असेल तर हे फोड चिघळतात, तेव्हा लपवू नका. फार लांबच्या शर्यतींत मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर धरताच येत नाही. १९८३ च्या 'राम'मध्ये मायकेल शर्मर या स्वाराला हे झालं, आणि आजही त्याला 'शर्मर्स नेक' म्हणतात. मान उचलत नसेल तर समोरचा रस्ता दिसत नाही, म्हणून तीही थांबण्याची खूण.

हा कागद शर्यतीच्या महिनाभर आधीच वापरावा लागला. रावेतहून संध्याकाळी निघून रात्रभर ३०० किलोमीटरचा सराव करायचा, त्याच गाडीने, त्याच क्रूसह, असं ठरलं होतं. कराडच्या अलीकडे पहाटे तीनला सायकल दोनदा कडेला सरकली. पहिल्यांदा त्यांना झोपवलं, तासाभराने दुसऱ्यांदा झालं. हे म्हणाले, "मी ठीक आहे, पुढे चला." पत्नीने कागद काढला, सायकल कॅरिअरवर चढवली. चार दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत, असं तिने मला नंतर हसत सांगितलं.

त्या वर्षी ते एकट्याने उतरले नाहीत. मित्राबरोबर दोघांच्या रिलेत उतरले, आलटूनपालटून झोप मिळाली, गोव्याला पोचले. परतताना गाडी दुसऱ्या दिवशी, सगळ्यांची पुरेशी झोप झाल्यावर काढा, असं मी बजावलं होतं. ते त्यांनी पाळलं. आठवड्याने क्रिएटिनिन आणि रक्तदाब पाहिला, दोन्ही ठीक. उजव्या हाताची करंगळी अजून थोडी बधिर आहे. यंदा एकट्याने जायचं म्हणतात, आणि पुढच्या सोमवारी दोघांची अपॉइंटमेंट आहे.