ॲट्रॉसिटी नेमकी कोणी केली?

परवा तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहा घेत होतो. शेजारचा गृहस्थ कोणाला तरी सांगत होता, "आमच्या भावावर त्यांनी ॲट्रॉसिटी केली." मी चमकलो. भाऊ आरोपी. मारहाण त्याने केल्याची फिर्याद, जातीवरून शिव्या त्याने दिल्याची फिर्याद. मग ॲट्रॉसिटी कोणी केली? तर म्हणे ज्याने मार खाल्ला त्याने!

ॲट्रॉसिटी म्हणजे अत्याचार. कायद्याचे नाव आहे अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. बोलता बोलता त्यातला 'प्रतिबंध' गळाला, उरला नुसता अत्याचार, आणि तोही तक्रार करणाऱ्याच्या नावावर चढला. तलाठ्याने सातबाऱ्यावर परस्पर फेरफार करावा तसा हा प्रकार आहे. मनुवाद्यांनी तो केला यात नवल नाही. आपलेच कार्यकर्ते माझ्याकडे येऊन म्हणतात, "साहेब, एकावर ॲट्रॉसिटी टाकायची आहे," तेव्हा मात्र वाईट वाटते.

दुसरा शब्द 'गैरवापर'. चर्चेला गेलेला आपला वक्ता सुरुवातच करतो, "थोडाफार गैरवापर होत असेल, पण..." त्या 'पण'च्या आधीच तो खटला हरलेला असतो. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांच्या २००४ सालच्या पुस्तकाचे नावच 'हत्तीचा विचार करू नका' अशा अर्थाचे आहे. तसे सांगितले की हत्तीच डोळ्यांपुढे उभा राहतो. 'गैरवापर होत नाही' असे ओरडून सांगणारा माणूस गैरवापर हाच शब्द गावभर पोचवतो.

या शब्दाला पुरावा म्हणून निर्दोष सुटकांचे आकडे दिले जातात. निर्दोष सुटका आणि खोटी केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. फिर्यादी त्याच गावात राहतो, आरोपीच्याच शेतावर मजुरीला जातो. पंच उलटतात, साक्षीदार फितूर होतात. उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा तपास खालचाच कोणी उरकतो. जातीचा दाखला दोषारोपपत्राला जोडायचा 'राहून जातो'. न्यायालय म्हणते, संशयाचा फायदा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र म्हणते, बोगस केस! कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला याच कायद्याच्या कलम ४ खाली शिक्षा आहे. त्या कलमाचा वापर किती झाला, हे विचारायला कोणी मोर्चा काढत नाही.

शब्दात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी २० मार्च २०१८ आठवावा. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गैरवापराचे कारण देऊन अटकेआधी मंजुरीची अट घातली आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसे मेली. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि संपूर्ण वर्गच कायद्याचा गैरवापर करतो असे गृहीत धरता येणार नाही, अशी भूमिका घेतली. २०२० मध्ये कलम १८-अ वैध ठरले. निर्देश गेले, पण शब्द जिथल्या तिथेच आहे.

बाबासाहेबांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हे नाव घातले जात होते. ते आम्हाला मान्य नाही, असे त्यांच्या पक्षाने सांगितले. बहुमत काँग्रेसचे होते. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. मतदानात हरणार हे दिसत असतानाही त्यांनी दुसऱ्याने लादलेले नाव अंगाला लावून घेतले नाही.

आता कोणी 'ॲट्रॉसिटी टाकायची' म्हणत आला की मी आधी विचारतो, अत्याचार कोणावर झाला? कोणी केला? दिवस, वेळ, जागा आणि वापरलेले शब्द जसेच्या तसे कागदावर लिहायला लावतो. मागच्या आठवड्यात एका तरुणाने अर्ज आणला. पहिली ओळ होती, 'आम्हाला ॲट्रॉसिटी दाखल करायची आहे.' त्याने ती माझ्यासमोर खोडली, थोडा वेळ पेन हातात धरून बसला, आणि लिहिले, 'माझ्या वडिलांना चावडीसमोर मारले.'