वयात येणाऱ्या मुलांचा थकवा

चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सकाळी उठावयास कुरकुर करते, शाळेत प्रार्थनेला उभी असता तिला भोवळ येते, डबा उघडला की मळमळते. घरची मंडळी बहुधा एकच निदान करतात: आळस. परीक्षा जवळ आली असेल, तर ढोंग. हे निदान करावयास सोपे खरे. पण पुष्कळदा ते चुकते, आणि त्यापायी मुलांचे महिनेच्या महिने वाया जातात.

आपल्या देशात अशा वेळी पहिला संशय रक्तक्षयाचा घ्यावा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के व मुलग्यांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळले. या वयात शरीर झपाट्याने वाढते, मुलींना पाळी सुरू होते, आणि अनवाणी फिरणाऱ्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी शिरून रक्त शोषतात. लोहाची गरज वाढते, ताटातले लोह मात्र तेवढेच राहते. त्यातही भाजीपाल्यातील लोह शरीरात थोडेच मुरते. जेवणावर लागलीच घेतलेला चहा तेही अडवितो, तर लिंबाची फोड त्याला साह्य करते.

शाळांतून आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते. उपाशीपोटी घेतल्यास तीच मळमळ आणते, म्हणून कित्येक मुली ती गुपचूप फेकून देतात. जेवणानंतर घ्यावी, एवढे कोणी समजावून सांगितले तर बरेच काम होईल.

निव्वळ शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीवही आढळते. जीभ सोलवटते, हातापायांना मुंग्या येतात. लघवी गडद पिवळी होऊन अन्नाचा वास नकोसा झाला, तर काविळीची शंका घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप आणि घटते वजन असेल, तर क्षयाची तपासणी करवावी. रात्री उशिरापर्यंत जागणे, न्याहारी चुकविणे आणि मनातील उदासी यांनीही अंग गळते. पाळी चुकली असेल, तर गर्भधारणेचा प्रश्न डॉक्टरांनी मुलीला एकांतात, न रागावता विचारावा. संकोचामुळे तो हमखास टाळला जातो.

या साऱ्यांत एका प्रकाराला मात्र सवड नसते. मुलाला सारखी तहान लागते, लघवीला वरचेवर जावे लागते, वजन उतरते आणि त्यातच उलट्या सुरू होतात, तेव्हा तो मधुमेह असू शकतो. श्वास खोल व जलद चालू लागला, तर उद्याची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.