झिजलेल्या गेजवर मोजलेला पैलवान

सोलापूर-पुणे महामार्गावरची चिंचोळी एमआयडीसी मोहोळ तालुक्यात येते, आणि मोहोळ म्हणजे पैलवान सिकंदर शेखचं गाव. त्यामुळे पाळी सुटल्यावर टपरीवर कुस्तीचा विषय निघाला की तो लवकर आटपत नाही. कोणी कोणाला चितपट केलं हे सगळ्यांना पाठ असतं, वाद त्याच्या पुढचा असतो: ‘समोरचा तेव्हा उमेदीत होता का?’ मुष्टियुद्धाच्या जगात तर या एका प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली आहेत. ४९ लढतींत एकदाही न हरलेला रॉकी मार्सियानो थोर की म्हाताऱ्यांना हरवून मोठा झालेला? प्रश्न रास्त आहे. उत्तर काढण्याची रीत मात्र बहुतेक वेळा चुकते, कारण आपण सरळ जन्मतारीख काढतो आणि वजाबाकी करतो. बरी रीत त्या टपरीपासून हाकेच्या अंतरावर आहे, कारखान्याच्या इन्स्पेक्शन टेबलावर.

चिंचोळीत मोटारींचे कॅमशाफ्ट तयार होतात. अशा शाफ्टचा गोल भाग बरोबर मापाचा आहे की नाही, हे पाहायची सगळ्यात साधी हत्यारं म्हणजे स्नॅप गेज. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि दोन जबड्यांमध्ये ठरलेली फट. ‘गो’ बाजू शाफ्टवरून सरकली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू अडली पाहिजे. दिवसभर शेकडो जॉब त्या जबड्यांतून गेले की पोलादही घासतं आणि ‘गो’ची फट केसाच्या अंशाने वाढते. मग जो शाफ्ट जाड म्हणून अडायला हवा होता, तोही सुळकन आत जातो. जॉब पास होतो, पण त्यात जॉबचं कर्तृत्व काही नसतं. पैलवानाचंही असंच आहे. त्याला मोजायला फूटपट्टी नाही, समोरचा पैलवान हाच त्याचा गेज, आणि हा गेज झिजतो. म्हणून चांगल्या कारखान्यात प्रत्येक गेजला कॅलिब्रेशनची तारीख असते. तपासणीत एखादा गेज बाद निघाला, तर आयएसओ ९००१च्या शिस्तीप्रमाणे मागे जावं लागतं: शेवटचा तो बरोबर कधी होता, आणि तेव्हापासून त्याच्यावर मोजलेल्या जॉबांचं काय? गेज किती वर्षांचा आहे, एवढ्यावर निकाल लागत नाही. आधीच्या आणि नंतरच्या तपासणीत तो काय दाखवत होता, ते बघतात.

वय का पुरत नाही, याचं उत्तर शरीरात आहे. ‘उमेद’ ही एक गोष्ट नसून पाच-सहा गोष्टींची मोळी आहे आणि त्या एकाच वेळी सुटत नाहीत. झटक्यात ताकद देणारे जलद स्नायुतंतू आणि प्रतिक्रियेचा वेग आधी ओसरू लागतात. निव्वळ जोर तिशीतही बराच टिकतो. डाव ओळखण्याची नजर तर वाढतच राहते. शिवाय ठोसे खाल्लेला मेंदू जन्मतारखेच्या हिशोबाने म्हातारा होत नाही, खाल्लेल्या ठोशांच्या हिशोबाने होतो. मार्सियानोचीच दोन उदाहरणं घ्या. ऑक्टोबर १९५१मध्ये त्याने ३७ वर्षांच्या जो लुईला आठव्या फेरीत पाडलं. सप्टेंबर १९५२मध्ये फिलाडेल्फियात त्याने ३८ वर्षांच्या जर्सी जो वॉलकॉटला तेराव्या फेरीत पाडलं आणि जगज्जेतेपद घेतलं. पंचांगाने बघाल तर दोन्ही विजय सारखेच, किंबहुना दुसरा जास्त हलका. पण कॅलिब्रेशन बघा. लुई त्याच्या आदल्या वर्षी एझर्ड चार्ल्सकडून हरला होता. नंतर तो ओळीने आठ लढती जिंकला खरा, पण त्यांत चार्ल्सच्या तोडीचं कोणी नव्हतं. वॉलकॉटने मात्र त्याच चार्ल्सला जुलै १९५१मध्ये गारद केलं होतं आणि जून १९५२मध्ये पुन्हा हरवलं होतं. मार्सियानोलाही त्याने पहिल्याच फेरीत खाली बसवलं आणि बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर तोच पुढे होता. माझ्या मते लुईचा विजय मार्सियानोच्या खात्यातून निम्मा वजा करावा. वॉलकॉटचा पुरता जमा धरावा.

उमेद संपल्याची चर्चा फार होते, उमेद यायची असल्याची होत नाही. डिसेंबर २०१९मध्ये ऑलिंपिक पात्रतेच्या निवड चाचणीत ३७ वर्षांच्या मेरी कोमने २३ वर्षांच्या निखत झरीनला ९-१ असं हरवलं. वजाबाकी केली तर मेरीने ऐन तारुण्यातली प्रतिस्पर्धी हरवली. पण मे २०२२मध्ये इस्तंबूलला जगज्जेती झालेली निखत आणि २०१९ची निखत एक नव्हत्या. २०१९मध्ये ती चांगली होतीच, युरोपात सुवर्ण मिळवून आली होती, पण हा गेज अजून ग्राइंडिंगवरच होता. मेरीचं त्यात काही कमी होत नाही. फक्त त्या विजयाचं वजन २०२२च्या तराजूत करू नये, इतकंच.

आता घरचं प्रकरण, कारण इतका स्वच्छ प्रयोग मुष्टियुद्धाच्या इतिहासातही सहसा सापडत नाही. जानेवारी २०२३, पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा. माती विभागात मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीच्या महेंद्र गायकवाडने मोहोळच्या सिकंदर शेखला हरवलं. ‘बाहेरची टांग’ या डावाला दिलेल्या चार गुणांवरून मोठं वादळ उठलं. अंतिम लढतीत राजगुरुनगरच्या शिवराज राक्षेने महेंद्रला चितपट केलं. मग नोव्हेंबरात फुलगावच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदरने शिवराजला काही सेकंदांत आडवं केलं आणि गदा उचलली. म्हणजे महेंद्र सिकंदरला भारी, शिवराज महेंद्रला भारी आणि सिकंदर शिवराजला भारी. तिघंही विशीतले, तिन्ही लढती एकाच वर्षातल्या. वयाचा मुद्दा इथे आपोआप बाद होतो, तरी क्रम काही लागत नाही. गणितात याला असंक्रामक संबंध म्हणतात, म्हणजे अ हा ब ला आणि ब हा क ला भारी असला तरी अ हा क ला भारी असेलच असं नाही. याचं कारण गूढ नाही. शिवराज आणि महेंद्र दोघंही कात्रजला काका पवारांच्या तालमीतले, एकमेकांचा हात रोज ओळखणारे. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचा, त्याची पकड वेगळ्या मातीत घडलेली. स्नॅप गेज जाडी सांगतो, शाफ्ट वाकडा आहे का ते सांगत नाही. तसं एक प्रतिस्पर्धी आपल्यातला एकच गुण मोजतो.

याच्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे: ‘नंतरचं’ बघायचं म्हणता, पण लढतीनेच गेज मोडला तर? जून १९८८मध्ये माइक टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत पाडलं. स्पिंक्स तोवर ३१ लढतींत अजिंक्य होता. त्या रात्रीनंतर तो पुन्हा कधीच रिंगणात उतरला नाही. फक्त नंतरचं पाहिलं तर तो संपलेला दिसेल, पण त्याला संपवलं त्या लढतीनेच. म्हणून आधीच्या तपासणीला जास्त मोल द्यावं आणि नंतरची फक्त तिसऱ्याच कोणाशी झालेली असेल तर धरावी. उलटही घडतं. त्याच वर्षी जानेवारीत टायसनने लॅरी होम्सला पाडलं तेव्हा होम्स ३८चा, जवळपास दोन वर्षं बाहेर बसलेला. सगळ्यांनी त्याला बाद धरलं. चार वर्षांनी, ४२व्या वर्षी, त्याच होम्सने ऑलिंपिक विजेत्या रे मर्सरला हरवलं. झिजला होता की नुसता गंजला होता, हे नंतरच कळलं.

दुसरा आक्षेप आकडेवाल्यांचा: सरळ रेटिंग काढा की! बुद्धिबळासाठी अर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवलेली पद्धत तेच करते, प्रत्येक डावानंतर दोघांचे गुण बदलते, म्हणजे गेजचं कॅलिब्रेशन चालूच राहतं. तिच्यात २०० गुणांनी वरचढ असलेल्याने शंभर डावांत साधारण ७६ डावांचं श्रेय मिळवावं अशी अपेक्षा असते, बरोबरीचा डाव अर्धा धरून. चोवीस डावांचं श्रेय तोही गमावतो. मात्र त्यासाठी डाव पुष्कळ लागतात. बुद्धिबळपटू वर्षात ऐंशी डाव खेळेल, हेवीवेट मुष्टियोद्धा दोन-तीनच लढतो. इतक्या थोड्या नमुन्यावर कोणताही आकडा शपथ घेऊन सांगता येत नाही. गामा पैलवानाची गोष्ट घ्या. १९१०मध्ये लंडनला झ्बिश्को या पैलवानाशी त्याची कुस्ती तासन्‌तास चालली आणि बरोबरीत सुटली. १९२८मध्ये पतियाळाला गामाने त्याला मिनिटाच्या आत पाडलं. दुसऱ्या कुस्तीवरून पहिलीचा निकाल लावणारे आजही भेटतात. पण तेव्हा दोघंही पन्नाशीच्या आसपास होते. दोन झिजलेल्या गेजांनी एकमेकांना मोजलं, त्यावरून १९१०चं माप निघत नाही.

तेव्हा मोहोळकरांचा प्रश्न, सिकंदरने हरवला तो शिवराज उमेदीत होता का? आधीची तपासणी: दहा महिन्यांपूर्वीचा महाराष्ट्र केसरी. नंतरची तपासणीही आहे, आणि ती तिसऱ्याशीच झालेली. त्या नोव्हेंबरात दोन संघटनांच्या भांडणात दोन महाराष्ट्र केसरी भरले होते. फुलगावच्या पराभवानंतर त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेने माजी महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा घेतली.