दिवा विझला, झडप उघडीच

२८ मार्च १९७९. पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचे पाणी पुरवणारे पंप बंद पडले. अणुभट्टीतला दाब वाढला, तो सोडण्यासाठी एक झडप आपोआप उघडली आणि दाब उतरल्यावरही तशीच अडकून राहिली. कंट्रोल रूममधला तिचा दिवा मात्र विझला. झडप मिटली की नाही हे तो दिवा दाखवतच नव्हता. मिटण्याचा आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. ऑपरेटरांनी झडप बंद झाली असं धरलं, आणीबाणीचं पाणी कमी केलं आणि भट्टी थंड ठेवणारं पाणी दोन तासांहून अधिक काळ त्या वाटेने निघून गेलं. गंभीर आणि किरकोळ असे शंभराहून अधिक अलार्म एकदम सुरू होते. गळतीचा सुगावा देणारा टाकीच्या दाबाचा काटा मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला होता. शेवटी भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

अशा वेळी ‘मानवी चूक’ म्हणून फाइल बंद करणं सोपं असतं, पण मला ते अन्यायाचं वाटतं. माणूस एका वेळी मोजक्याच गोष्टी मनात धरू शकतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास मांडला. पुढच्या संशोधनाने तो चारपर्यंत खाली आणला. त्याहून जास्त माहिती अंगावर आली की मन एक अंदाज पकडतं आणि बाकीच्या खुणा त्यातच बसवू लागतं. ऑपरेटर अधिक तयारीचे असते तर हे टळलं असतं, असा आक्षेप घेतला जातो. पण सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्रात याच धाटणीच्या भट्टीची झडप अशीच अडकली होती, आणि तिथल्या ऑपरेटरांनीही आणीबाणीचं पाणी असंच कमी केलं होतं. भट्टी कमी शक्तीवर चालू होती आणि गळती वीसेक मिनिटांत लक्षात आली, म्हणून ते निभावलं. वेगवेगळी माणसं तीच चूक करतात, तेव्हा दोष माणसांपेक्षा मांडणीत शोधायला हवा. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानं उतरल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी चाकं आत ओढून घेत. दोन्हींचे खटके शेजारी आणि जवळपास सारखेच होते. अल्फॉन्स चापानिस यांनी एका खटक्याला चाकाचा, दुसऱ्याला पाचरीचा आकार सुचवला, तेव्हा न पाहताही हाताला फरक कळू लागला. वैमानिकांना जास्त सावध राहायला सांगण्यापेक्षा हा उपाय कितीतरी खात्रीचा.

मग सगळंच यंत्रावर का सोपवू नये? कारण माणूस नुसती राखण करण्यात कच्चा आहे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवलं, की संकेताची वाट पाहत बसलेल्याची नजर अर्ध्या तासातच ढिली पडते. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये पुढचा पेच मांडला: सोपी कामं यंत्राने उचलली की सर्वांत अवघड क्षण माणसाच्या वाट्याला येतो, तोही सराव सुटल्यावर. म्हणून यंत्र घेण्याआधीच ते चालवणाऱ्यांना त्यासमोर बसवावं आणि बिघाडाच्या परिस्थितीत मनावर किती ताण येतो ते विचारावं. त्यासाठी नासाची सहा निकषांची प्रश्नावली १९८८ पासून उपलब्ध आहे, आणि ती भरायला काही मिनिटं पुरतात.