संगणक स्वच्छता सॉफ्टवेअर आणि आवश्यक कुकीजचे जतन : एक विवेचन

बीजसंज्ञा : कुकी, ब्राउझर, स्वच्छता सॉफ्टवेअर, जतन-यादी, गोपनीयता

प्रस्तावना

संगणक मंदावला की तो स्वच्छता सॉफ्टवेअरने साफ करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. या सॉफ्टवेअरमध्ये तात्पुरत्या फाईल्स, कॅशे, ब्राउझरचा इतिहास आणि कुकीज हे सर्व घटक एकाच यादीत समोर येतात. त्यामुळे हे सारे एकाच प्रकारचा कचरा आहे, असा वापरकर्त्याचा समज होतो. वस्तुतः कुकीज या गटात बसत नाहीत.

समजा, एखाद्या प्राध्यापकांचे ई-मेल खाते द्विस्तरीय पडताळणीने सुरक्षित केलेले आहे. खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक बंद झालेला आहे. परंतु घरचा संगणक 'विश्वासू' म्हणून पूर्वीच नोंदविलेला असल्याने त्यांना कधी अडचण आलेली नाही. ही नोंद एका कुकीत असते. स्वच्छतेत ती पुसली गेली की संकेतस्थळ पासवर्डनंतर ओटीपी मागते आणि तो ओटीपी बंद क्रमांकावर जातो. एका क्लिकमुळे वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून कोणती कुकी ठेवावी, कोणती पुसावी आणि ते कसे साधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे

१) कुकीचे स्वरूप व प्रकार स्पष्ट करणे.
२) स्वच्छता सॉफ्टवेअरमधील जतन-यादीचे कार्य व तिच्या मर्यादा समजून घेणे.
३) कुकी जतन करण्याचे निकष मांडणे.

कुकीचे स्वरूप

वेबचा मूलभूत नियमसंच म्हणजे एचटीटीपी. त्यात प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. सर्व्हरला आधीच्या विनंतीचे स्मरण नसते. ही उणीव दूर करण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकीची कल्पना राबविली. युनिक्स जगतात रूढ असलेल्या 'मॅजिक कुकी' या संज्ञेवरून हे नाव आले. सर्व्हर ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवावयास देतो आणि पुढील प्रत्येक भेटीत ब्राउझर ती परत दाखवितो. कुकी म्हणजे एका अर्थाने सामानघरात मिळणारा बिल्ला होय. सामान आत असते, बिल्ला आपल्याकडे असतो.

आयुष्यानुसार कुकीचे दोन प्रकार पडतात. सत्र कुकी सामान्यतः ब्राउझर बंद होताच नाहीशी होते, तर स्थायी कुकी ठरलेल्या मुदतीपर्यंत टिकते. क्रोम ब्राउझरने २०२२ पासून ही मुदत जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली आहे. उगमानुसारही दोन प्रकार होतात : आपण उघडलेल्या संकेतस्थळाची ती प्रथम पक्षाची कुकी आणि त्या पानावरील जाहिरातदार वा अन्य संस्थेची ती तृतीय पक्षाची कुकी. माग काढण्यासाठी प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराचा वापर झाला. लॉगिन टिकविण्याचे काम बहुतांशी पहिला प्रकार करतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आरएफसी ६२६५ या २०११ च्या मानकानुसार ब्राउझरला किमान ४०९६ बाइट आकाराची कुकी आणि एकूण किमान ३००० कुकीज साठविता याव्यात अशी अपेक्षा आहे. या सर्व ३००० कुकीज पूर्ण आकाराच्या धरल्या, तरी त्यांना लागणारी जागा सुमारे १२ एमबी भरते. म्हणजेच कुकीज पुसून जागेची लक्षणीय बचत होत नाही. कुकीज पुसण्याचे खरे कारण गोपनीयता हे आहे आणि निवडही त्याच दृष्टीने करावयास हवी.

जतन-यादीचे कार्य

फायरफॉक्स आपल्या कुकीज 'कुकीज डॉट एसक्यूलाइट' या फाईलमध्ये ठेवतो. क्रोमचीही अशीच डेटाबेस फाईल असते. सरसकट स्वच्छतेत या फाईलमधील सर्व नोंदी जातात. जतन-यादी दिलेली असल्यास त्या यादीतील डोमेनच्या नोंदी वगळून उर्वरित नोंदी पुसल्या जातात.

पिरिफॉर्म कंपनीचे सीक्लीनर हे याचे परिचित उदाहरण. त्याच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या मांडणीत 'ऑप्शन्स'मधील 'कुकीज' या भागात दोन रकाने असत. डावीकडे संगणकावरील कुकीज, तर उजवीकडे 'कुकीज टू कीप' म्हणजे ठेवावयाच्या कुकीज. डावीकडील नाव निवडून बाणाच्या बटणाने उजवीकडे न्यावे, एवढीच कृती असे. आवृत्तीनुसार मांडणी बदलली, तरी तत्त्व हेच राहते.

केवळ ब्राउझरच्या साहाय्यानेही हे साधता येते. फायरफॉक्समध्ये बंद होताना कुकीज पुसण्याचा पर्याय निवडून अपवादांच्या यादीत हवी ती संकेतस्थळे नोंदविता येतात. क्रोममध्येही माहिती साठविण्याची कायम मुभा असलेल्या संकेतस्थळांची यादी करता येते.

मर्यादा

पहिली मर्यादा डोमेनची. एका सेवेचे लॉगिन अनेकदा एकाहून अधिक डोमेनवर विसंबून असते. मायक्रोसॉफ्टच्या सेवांसाठी 'लॉगिन डॉट लाइव्ह डॉट कॉम' आणि 'लॉगिन डॉट मायक्रोसॉफ्टऑनलाइन डॉट कॉम' असे वेगवेगळे पत्ते वापरले जातात. सेवेचे केवळ मुख्य नाव यादीत घातल्यास लॉगिन टिकेलच असे नाही.

दुसरी मर्यादा साठवणीची. काही संकेतस्थळे आपली ओळख कुकीऐवजी 'लोकल स्टोरेज'मध्ये ठेवतात. कुकी राखली, पण हा घटक पुसला गेला, तर परिणाम तोच होतो.

तिसरी मर्यादा यादीच्या व्याप्तीची. ब्राउझरची अपवाद-यादी बाहेरील सॉफ्टवेअरला बांधील करीत नाही. दोघांनाही पुसण्याचे काम दिले असल्यास दोन्ही ठिकाणी यादी करावी लागते.

चौथी बाब सॉफ्टवेअरच्या विश्वासार्हतेची. ऑगस्ट २०१७ मध्ये वितरित झालेल्या सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक संकेत घुसविल्याचे सप्टेंबरमध्ये उघड झाले. ही आवृत्ती सुमारे २२.७ लाख वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली होती. साफ करणाऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्या असतात, याचे भान असावे.

जतनाचे निकष

आवश्यक कुकी म्हणजे नेहमीच सुरक्षित कुकी नव्हे. लॉगिनची कुकी दुसऱ्याच्या हाती लागल्यास तो पासवर्ड वा ओटीपीविना खात्यात शिरू शकतो. क्रोमने २०२४ मध्ये विंडोजवर कुकीजसाठी अधिक कडक कूटबद्धता आणली, ती याच धोक्यामुळे. म्हणून पुढील निकष सुचवावेसे वाटतात.

१) स्वतःच्या, पासवर्डने बंद केलेल्या संगणकावर ई-मेल, विश्वासू उपकरणाची नोंद आणि भाषा वा मांडणीची पसंती यांच्या कुकीज ठेवाव्यात.
२) बँक व आर्थिक व्यवहारांच्या कुकीज जतन-यादीत घालू नयेत.
३) अपरिचित तसेच जाहिरात संस्थांच्या डोमेनच्या कुकीज पुसाव्यात.
४) महाविद्यालयाची प्रयोगशाळा, ग्रंथालय वा सायबर कॅफे येथील सामाईक संगणकावर कोणतीही कुकी राखू नये. तेथे सरसकट स्वच्छता हीच योग्य होय.
५) पहिल्या स्वच्छतेपूर्वी खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक तपासावा आणि पुनर्प्राप्तीचे संकेतांक कागदावर उतरवून ठेवावेत.

निष्कर्ष

कुकी हा कचरा नसून वापरकर्ता आणि संकेतस्थळ यांच्यातील ओळखीची खूण आहे. ती सरसकट पुसणे जसे गैरसोयीचे, तसे सरसकट राखणे धोक्याचे. जतन-यादी ही दहा-पंधरा मिनिटांत होणारी गोष्ट आहे. मात्र ती स्वच्छतेपूर्वी करावयास हवी. सर्व्हरकडील सामान सुरक्षित असले, तरी हरवलेला बिल्ला स्वच्छता सॉफ्टवेअर परत देऊ शकत नाही. म्हणूनच पाचवा निकष इतर सर्व निकषांच्या आधी अमलात आणणे इष्ट ठरेल.